सहावीतलं पोर माध्यमिकात कसं गेलं?

माध्यमिक शिक्षणात केनिया टांझानियाच्या कितीतरी पुढे, हे नैरोबीत इतक्या ठामपणे ऐकवतात की वाद घालायची सोय नाही. पुरावा म्हणून नोंदणीच्या टक्केवारीचा तक्ता पुढे येतो. चीड त्या तक्त्याचीच आहे, कारण त्यात भागिले कशाने केलंय ते कुणी बघत नाही.

ढोबळ नोंदणी दर म्हणजे माध्यमिकात बसलेली सगळी मुलं, वय काहीही असो, भागिले त्या टप्प्याच्या ठरलेल्या वयाची लोकसंख्या. ते वय देशागणिक बदलतं. युनेस्कोची सांख्यिकी संस्था केनियाचं माध्यमिक १२ ते १७ धरत आली, म्हणजे जुन्या ८-४-४ पद्धतीतली (आठ वर्षं प्राथमिक, चार माध्यमिक, चार विद्यापीठ) सातवी-आठवीही त्यातच. युगांडाचं १३ ते १८, टांझानियाचं १४ ते १९. टांझानियाची सातवी मात्र प्राथमिकात.

आता कल्पनेतलं गणित करा. प्रत्येक वयाची १०० मुलं. फॉर्म वन ते फोरमध्ये, म्हणजे माध्यमिक शाळेच्या चार इयत्तांत, दोन्हीकडे ६०, ५५, ५०, ४५. केनियाला सातवी-आठवीची ८० आणि ७५ जोडा: ६०० पैकी ३६५, म्हणजे ६१ टक्के. टांझानियाला फॉर्म फाइव्ह-सिक्सची, म्हणजे त्यापुढच्या दोन इयत्तांची, १० आणि ८ जोडा: ६०० पैकी २२८, ३८ टक्के. फॉर्म वन ते फोरमध्ये एका मुलाचाही फरक नाही, आणि तक्त्यात २३ टक्क्यांची दरी!

तरी केनियाने काहीच केलं नाही असं नव्हे. २००८ पासून बिगरनिवासी माध्यमिक शाळांची शिकवणी फी माफ, २०१८ पासून आठवीतलं प्रत्येक मूल फॉर्म वनमध्ये न्यायचं धोरण आणि डोई २२,२४४ शिलिंग अनुदान. मात्र पैसा डोक्यांवर मिळाला की डोकी वाढवून दाखवायचा मोह होतोच; पटपडताळणी काय असते हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. उलट, जन्मदाखला नसलेलं मूल सरकारी संगणकात चढताना अडकतं. २०२३ पासून सातवी ते नववी 'ज्युनियर स्कूल' झाली, पण भरते प्राथमिकच्याच आवारात.

टांझानियाची खरी अडचण तक्त्यात दिसतच नाही. सरकारी प्राथमिक शाळा किस्वाहिलीत, फॉर्म वनला एकदम सगळे विषय इंग्रजीत. मराठी शाळेतल्या मुलाला आठवीत रातोरात इंग्रजी माध्यमात ढकलावं, तसं. गावोगावच्या 'शुले झा काता'मुळे (प्रभागातल्या सरकारी माध्यमिक शाळांमुळे) शाळा जवळ आली, २०१६ पासून फॉर्म फोरपर्यंत फी गेली, पण भाषेची भिंत तशीच.

युगांडाने २००७ मध्येच मोफत माध्यमिक सुरू केलं. तिथे खासगी शाळा भरपूर. त्यांनी पटाच्या वार्षिक माहितीचा अर्ज भरला नाही की पोरं कागदावरून गायब. शिवाय भागणारी लोकसंख्या २०२४ च्या जनगणनेपर्यंत २०१४ च्या जनगणनेवरून बांधलेल्या अंदाजांवर चालली होती.

तुलना करायचीच तर आधी प्रत्येक देशाचं सुरुवातीचं वय आणि वर्षं लिहून घ्या. मग फक्त ठरलेल्या वयाचीच मुलं मोजणारा निव्वळ दर पाहा, म्हणजे उशिरा आलेली मोठी मुलं गळतील. त्याहून बरं म्हणजे घरोघरच्या पाहणीतून काढलेलं, फॉर्म फोर पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण. त्यातही केनिया पुढे निघाला तर मी खुशाल मिरवेन.

आणि हो, युनेस्कोची हीच सांख्यिकी संस्था भारताचं माध्यमिक ११ ते १७ धरते. म्हणजे आपली सहावीही माध्यमिकातच.