मालकाचा फोन लागत नाही तेव्हा

दिवाळीत पुण्यातल्या जनावरांच्या क्लिनिकच्या बोर्डिंगमध्ये हे ठरलेलंच: कुत्रा इथे, मालक कोकणात आणि फोन ‘संपर्क क्षेत्राबाहेर’. ताम्हिणी घाटात रेंज जाते, हिंजवडीच्या मीटिंगमध्ये फोन सायलेंटवर असतो, आणि अनोळखी नंबर म्हणजे क्रेडिट कार्डवाले, असं समजून कितीतरी जण उचलतच नाहीत.

म्हणून खरं काम केसपेपर भरतानाच उरकायचं. दुसरा नंबर नवऱ्याचा किंवा बायकोचा नको, दोघं एकाच गाडीत असतात. पुण्यातच राहणारा कुणीतरी हवा. तिथल्या तिथे रिंग देऊन बघायची आणि क्लिनिकचा नंबर सेव्ह करायला लावायचा. मग तीन गोष्टी लेखी: तुम्ही सापडला नाहीत तर निर्णय कोण घेणार, किती रुपयांपर्यंत उपचार सुरू करायचे, हृदय थांबलं तर सीपीआर, म्हणजे छाती दाबून ते पुन्हा सुरू करायचा प्रयत्न, द्यायचा का. तिसरं विचारायला जीभ रेटत नाही, पण सीपीआरची वेळ आली की फोन लावायला सवड नसते.

प्रसंग आलाच तर एकीने फोन धरायचा, दुसरीने जनावर. फोन लागोपाठ दोनदा लावायचा. ‘डू नॉट डिस्टर्ब’ असलं तरी अनेक फोनवर तीन मिनिटांच्या आत आलेला दुसरा कॉल वाजतो. मग साधा एसएमएस; व्हॉट्सॲपला नेट लागतं. नुसतं ‘अर्जंट फोन करा’ लिहून उपयोग नाही. ‘ब्रूनोच्या पोटाला पीळ पडल्याची शक्यता. ऑपरेशनला होकार हवा. 4.30 पर्यंत कळवा’ असं लिहायचं.

ती वेळ आजार ठरवतो. मोठ्या कुत्र्याचं पोट ढोलासारखं ताणलंय, उलटीची उबळ येते पण बाहेर काही पडत नाही, म्हणजे हाताशी फार वेळ नाही. डॉक्टर येईपर्यंत ऑक्सिजन लावायचा, शिरेत घालायच्या जाड नळ्या, म्हणजे कॅथेटर, काढून ठेवायचे. सलाईनची लाइन पुढच्या पायांतच, कारण फुगलेलं जठर पोटातली मोठी शीर दाबतं आणि मागच्या पायात दिलेलं सलाईन हृदयाकडे नीट पोचत नाही. पोटात घालायची नळी नाकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत मोजून चिकटपट्टीची खूण करायची. लघवी तुंबलेल्या बोक्यात रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय मंदावतं. तिथे ईसीजी आधी. हे सगळं केसपेपरवरच्या रकमेत बसलं तर होकारासाठी थांबावं लागत नाही. ती रक्कम आधी लिहून घ्यायची ती याचसाठी.

मालक मिळाला की फोन स्पीकरवर, शेजारी दुसरी साक्षीदार. ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा’ हा माझ्या मते होकार नव्हे. खर्चाचा अंदाज सांगून सरळ विचारायचं, ‘ऑपरेशन करू? हो की नाही?’ उत्तर त्यांच्याच शब्दांत, वेळेसकट लिहायचं.

न लागलेले कॉलही लिहायचे: वेळ, नंबर, काय झालं. कागद पिंजऱ्यालाच अडकवावा. नाहीतर शिफ्ट बदलली की नवी नर्स तोच बंद नंबर पुन्हा फिरवत बसते.