पाऱ्याऐवजी टाकणखार: इतोगोनची सोनं काढायची रीत

फिलिपाइन्सच्या बेंगेत प्रांतात, इतोगोनच्या डोंगरांत, छोटे खाणकामगार गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, शिरेमागोमाग बोगदे खोदत जातात. दगडात टनामागे १० ग्रॅम सोनं असलं, तर ५० किलोच्या पोत्यात भरतं अर्धा ग्रॅम. हातात त्यातलं किती पडणार, ते दळण आणि धुणं ठरवतं.

फोडलेला दगड पाणी घालून बॉल मिलमध्ये, म्हणजे जड गोळे भरलेल्या फिरत्या पिंपात, दळतात. दळण जाडं राहिलं की सोनं गारेतच अडकतं. फार बारीक झालं तर कण चपटे होऊन पाण्याबरोबर निघून जातात. म्हणून थोडं दळा, धुवा, उरलेलं जाडं पुन्हा दळा. बऱ्याच देशांत याच टप्प्यावर सोनं धरायला मिलमध्ये पारा ओततात. तो तर निव्वळ तोटाच! गोळ्यांच्या माराने पाऱ्याचे इतके बारीक थेंब होतात की ते पुन्हा एकत्र येत नाहीत. धरलेलं सोनं घेऊनच गाळात जातात. हाती उरलेला सोनं-पाऱ्याचा गोळा चुलीवर तापवला की ३५७ अंशांना पारा उकळतो आणि वाफ घरभर होते.

बेंगेतमध्ये पाऱ्याशिवाय भागवणारे बरेच आहेत. दळण कार्पेट अंथरलेल्या उतरत्या पाटातून सोडायचं, अडकलेली जड रेती थाळीत धुवायची, वाळवून लोहचुंबकाने मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं काळं खनिज, काढायचा. खरं कसब थाळीचं. सोनारपेढीची माती धुणाऱ्या आपल्या झारेकऱ्यांना ते वेगळं सांगावं लागलं नसतं.

मग बोरॅक्स, म्हणजे सोनाराचा टाकणखार. रेतीच्या निदान बरोबरीने घ्यायचा, पाण्याचा शिपका देऊन कालवायचा, मातीच्या मुशीत घालून लोणारी कोळशावर ब्लोअर लावायचा. टाकणखार साधारण ७४० अंशांना वितळतो आणि रेतीतली ऑक्साइडं विरघळवून पातळ करतो. सोनं १०६४ला वितळून तळाशी बसतं. निवल्यावर काचेसारखी मळी फोडून गोळी काढायची.

मळी चिकट झाली तर टाकणखार किंवा आच कमी पडली. पायराइट, म्हणजे लोखंड-गंधकाचं खनिज, जास्त राहिला तर वेगळा सल्फाइडी थर बनतो आणि सोनं त्यात मुरतं. भाजून गंधक उडवता येतो, पण दगडात आर्सेनिक असेल तर तो धूर विषारी. त्यापेक्षा आधीच नीट धुवावं. मळीत बारीक दाणे चमकत असतील तर ती फेकू नये, कुटून पुढच्या पोत्याबरोबर मिलमध्ये टाकावी.