तुम्ही विचारलंत म्हणून: ‘मेक’नंतर ‘टू’ का नाही?

‘करायला लावणं’, ‘करून घेणं’ हे इंग्रजीत सांगताना ‘टू’ कुठे लावायचा आणि कुठे नाही, हे मला सतत विचारलं जातं.

नियम छोटा आहे. मेक, लेट, हॅव यांच्यानंतर नुसतं क्रियापद: ‘ही मेड मी वेट’. गेटनंतर टू: ‘शी गॉट मी टू वेट’. हेल्पला दोन्ही चालतं. ‘ही मेड मी टू वेट’ आपल्या तोंडी येतं ते बहुधा ‘थांबायला लावलं’मुळे. त्यातल्या ‘ला’चा आपण टू करून टाकतो.

पण मला टूपेक्षा क्रियापदाची निवड जास्त महत्त्वाची वाटते. ‘सरांकडून निबंध तपासून घेतला’ याचं ‘आय मेड माय टीचर चेक माय एसे’ केलं, तर व्याकरण बिनचूक, पण सरांवर बळजबरी केल्यासारखं वाटतं. मेकमध्ये समोरच्याला नाही म्हणायची सोयच नसते. हॅवमध्ये ज्याचं काम त्याच्यावर सोपवलेलं असतं. गेटमध्ये थोडी मनधरणी, थोडी खटपट आली. लेट म्हणजे फक्त करू देणं. सरांच्या बाबतीत ‘गॉट माय टीचर टू चेक’ चालेल. मी तर सरळ ‘आस्क्ड’ वापरायला सांगते.

दुसरी अडचण केसांची. कात्री दुसऱ्याच्या हातात असली तरी मराठीत आपण ‘मी केस कापले’ म्हणतो. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हणजे स्वतःच कापले. दुसऱ्याकडून कापून घेतले असतील तर ‘आय हॅड माय हेअर कट’. इथे शब्दांची जागा फार जपा. ‘आय हॅड कट माय हेअर’ म्हटलंत तर ‘मी आधीच केस कापले होते’ असा अर्थ होतो, तोही स्वतःच्या हातांनी! आणि ‘शी हॅड हर फोन स्टोलन’ वाचून गोंधळू नका. तिने चोरी करवली नाही, तिचा फोन चोरीला गेला. नकोशी गोष्ट वाट्याला आली की इंग्रजी हीच रचना वापरतं.

कर्मणी प्रयोगात मात्र मेकचा टू परत येतो: ‘आय वॉज मेड टू वेट’. पूर्वी तो कर्तरीतही दिसायचा. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘ही मेकेथ मी टू लाय डाउन’ असं आहे. लेटचा असा कर्मणी प्रयोग सहसा करत नाहीत. ‘मला जाऊ दिलं’साठी ‘आय वॉज अलाउड टू गो’ म्हणा.