पस्तीस मिनिटांचे उड्डाण

आमच्या घरात प्रवासाचे नियोजन हे माझे वतन आहे. बँकेतील नोकरीच्या काळात दर उन्हाळ्यात कोणत्या एसटीला कोणती गाडी जोडून मिळते, हे मी वहीच्या मागच्या पानावर मांडत असे आणि ते बहुतेक वेळा जमूनही येई. त्यामुळे कॅलिफोर्नियातील आमच्या लेकीने जेव्हा फोनवर सांगितले, की "बाबा, तुम्ही दोघे इकडे आलात की आपण नऊ दिवस हवाई बेटांवर जाऊ, बेटांमधली विमाने तेवढी तुम्ही ठरवा," तेव्हा मी त्याच संध्याकाळी नवी वही आणली. शेजाऱ्यांना बातमी सांगितली तर ते म्हणाले, "हवाई मार्गाने जाणार हे समजले, पण जाणार कुठे?" त्यांना नकाशा दाखवावा लागला.

तो नकाशा मी नंतर बरेच दिवस जेवणाच्या टेबलावरून उचलला नाही. पॅसिफिक महासागरात वायव्येकडून आग्नेयेकडे बेटांची एक ओळ तिरकी पसरलेली आहे. वरच्या टोकाला काऊआई, मग होनोलुलू शहर असलेले ओआहू, पुढे मोलोकाई, लानाई आणि मावी, आणि खालच्या टोकाला हवाई याच नावाचे सर्वांत मोठे बेट, ज्यावर किलाउआ हा जागृत ज्वालामुखी आहे. बेटे आहेत म्हणजे बोटी असणारच, असे मी कोकणाच्या अनुभवावरून गृहीत धरले होते. ते चुकीचे निघाले. मावी आणि लानाई यांच्यामधील छोटी फेरी सोडली, तर आज या बेटांमध्ये प्रवासी बोट नाही. २००७ साली होनोलुलू ते मावी अशी मोटारगाड्याही वाहून नेणारी मोठी बोट सुरू झाली होती, परंतु पर्यावरणविषयक परीक्षणाचा वाद न्यायालयात गेला आणि २००९ मध्ये ती बंद पडली. तेव्हा या बेटाहून त्या बेटाला जायचे तर विमानच, मग ते दुधाच्या गाडीसारखे दिवसातून कितीही वेळा का सुटेना.

याच नादात मला एक गोष्ट सापडली आणि त्या दिवशी मी घरातल्या प्रत्येकाला ती दोन-दोनदा सांगितली. ११ नोव्हेंबर १९२९ रोजी इंटर-आयलंड एअरवेज या कंपनीच्या, पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरू शकणाऱ्या सिकोर्स्की एस-३८ विमानाने होनोलुलूहून मावीमार्गे सर्वांत मोठ्या बेटावरचे हिलो गाठले आणि बेटांमधली नियमित विमानसेवा सुरू झाली. तीच कंपनी पुढे १९४१ मध्ये हवाईयन एअरलाइन्स झाली. आता १९२९ हे साल सांगलीकराला निराळे सांगावे लागत नाही, कारण कृष्णेवरचा आमचा आयर्विन पूल त्याच वर्षीचा. तोपर्यंत नदीपलीकडच्या सांगलवाडीला जायचे म्हणजे नाव, आणि कृष्णामाई फुगली की नावही नाही. एकाच वर्षी आम्हांला दगडी पूल मिळाला आणि तिकडे हवेतला. तेव्हापासून मी या छोट्या विमानांकडे विमान म्हणून पाहणे सोडले आणि त्यांचा हिशेब मी नदी ओलांडण्याच्या रीतीने करू लागलो.

तरीही माझा पहिला आराखडा फसलाच. कॅलिफोर्नियातून होनोलुलू, तेथून काऊआई, परत होनोलुलू, तेथून हिलो, पुन्हा होनोलुलू आणि मग घर, असे मी मोठ्या अभिमानाने मांडले होते. आमच्या सौभाग्यवतींनी चष्मा लावून तो कागद वाचला आणि म्हणाल्या, "अहो, नरसोबाच्या वाडीला जाऊन जोतिबाला जायचे असेल, तर मध्ये सांगलीला येऊन कुलूप उघडून बघतो का आपण?" मी काही बोललो नाही. मुख्य भूमीवरून होनोलुलूलाच उतरले पाहिजे असा नियम कोठेच नव्हता. काऊआई, मावी आणि हवाई या बेटांनाही कॅलिफोर्नियातून थेट विमाने आहेत. शिवाय बेटांमधले एकेरी तिकीट हे बहुधा परतीच्या तिकिटाच्या निम्म्या भावातच मिळते, म्हणजे जाऊन-येऊन घेण्यात काही सवलत नसते. मग ओळ वरून खाली उतरत जायचे ठरले: काऊआईला उतरायचे, मधे ओआहू पाहायचे, हिलोला जाऊन ज्वालामुखी गाठायचा आणि त्याच बेटाच्या पश्चिमेकडील कोना विमानतळावरून परत फिरायचे. मधली चार उड्डाणे होती, ती दोनच उरली.

काऊआईवरील लीहुए ते होनोलुलू हे अंतर सुमारे १६५ किलोमीटर आहे आणि वेळापत्रकात त्याला पस्तीस-चाळीस मिनिटे दिलेली असतात. सांगलीहून पुण्याला जायला अर्धा दिवस मोडणाऱ्या माणसाला हा आकडा भुरळ घालतो, आणि तेथेच तो फसतो. मी वहीत सगळे खरे-खरे लिहून काढले. सकाळी खोली सोडायची, भाड्याच्या गाडीत पेट्रोल भरून ती परत करायची (गाडी बेट ओलांडत नाही, प्रत्येक बेटावर नवी घ्यावी लागते), तिथल्या बसने विमानतळाच्या दाराशी यायचे, बॅगा सोडायच्या, तपासणीतून जायचे, बसून राहायचे, मग विमान वर चढेपर्यंत पेरूच्या रसाचा झाकणबंद पेला हातात येणार आणि तो संपेपर्यंत उतरण्याची घोषणा होणार, की पुन्हा बॅगांचा पट्टा, पुन्हा गाडीच्या खिडकीसमोरची रांग. बेरीज केली तर साडेचार तास झाले. त्यांतले जवळजवळ चार तास तर आम्ही जमिनीवरच होतो. म्हणून भर दुपारचे विमान घेणाऱ्याचे दोन्ही बेटांवरचे अर्धे-अर्धे दिवस जातात, हे माझे मत पक्के झाले. पहाटेचे घ्यावे तर पलीकडची खोली तीन वाजेपर्यंत मिळत नाही, रात्रीचे घ्यावे तर अलीकडची अकरालाच सोडावी लागते आणि दिवसभर बॅगा गाडीत घेऊन हिंडावे लागते. आम्ही पहाटेचे घेतले. साठीनंतर पहाटे जाग येतेच, तिचा काही उपयोग व्हावा.

एका बाबतीत मात्र मी लेकीचेही ऐकले नाही. शेवटच्या दिवशी एका कंपनीच्या छोट्या विमानाने यायचे आणि तीन तासांनी दुसऱ्या कंपनीचे मोठे विमान पकडायचे, अशी एक स्वस्त जोडी तिने सुचवली होती. दोन तिकिटे वेगळी असली, की पहिले विमान रखडल्याचे दुसऱ्या कंपनीला काही देणेघेणे नसते. एकाच तिकिटावर दोन्ही असली, तर पुढची सोय लावणे हे कंपनीचे काम असते. रेल्वेचे रुंद, मीटर आणि नॅरो असे तिन्ही गेज, म्हणजे तीन वेगळ्या रुंदींचे रूळ, मिरजेला येऊन मिळत, त्या काळात ज्यांनी तेथे गाडी बदलली आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. मी स्वतः एका थंडीत, पुढची गाडी निघून गेल्यावर, वळकटीवर बसून रात्र काढलेली आहे. त्या रात्रीचा चहा चांगला होता, पण महासागराच्या मध्यावर तो मिळेल याची खात्री नाही.

मोलोकाईचा मोह थोडा वेळ झाला होता. त्या बेटाचे उत्तरेकडील कडे जगातील सर्वांत उंच समुद्रकड्यांत मोजले जातात, आणि तेथे नऊ प्रवाशांची चिमुकली विमाने जातात. अशा विमानात तोल सांभाळायचा असल्यामुळे बॅगांबरोबर प्रवाशांचेही वजन घेतात, हे मी वाचून दाखवले. "मार्केट यार्डात हळदीचे पोते चढवतात तसे मला काट्यावर चढवणार?" एवढाच सौभाग्यवतींचा प्रश्न आला, आणि मोलोकाई वहीतून खोडले गेले.

शेवटी एका रविवारी सकाळी, म्हणजे लेकीच्या शनिवारी संध्याकाळी, आम्ही तिघांनी मिळून तिकिटे काढली. पासपोर्टवरची नावे मी अक्षर-अक्षर वाचून दाखवली, तिने भरली. मग खिडकीच्या जागेचे पैसे वेगळे पडतात असे तिने सांगितले. पस्तीस मिनिटांसाठी कशाला, असे मी म्हणणार होतो, तेवढ्यात आतून आवाज आला, की खिडकी पाहिजे. आयर्विन पुलावरून जाताना ही बाई आजही बसच्या खिडकीतून कृष्णेत नाणे टाकते. विमानाची खिडकी उघडत नाही, हे मी तिला अजून सांगितलेले नाही.