लग्न नाही, पण नागरी भागीदारी दिली तर चालेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. "लग्नाचाच आग्रह कशाला? तुमच्यासारख्या समलिंगी जोडप्यांसाठी वेगळी नोंदणी काढली, नागरी भागीदारी म्हणून, तर नाही का चालणार?" असं विचारणारे बहुतेक आमच्याच बाजूचे असतात. काहीतरी मार्ग निघावा असं त्यांना मनापासून वाटतं. म्हणून उत्तरही मनापासून देते. चालेल. उद्या नोंदणी सुरू झाली, तर आम्ही दोघी उद्याच जाऊ. पण 'मग लग्नाचा विषय संपला' असं म्हणाल, तर नाही.

का चालेल, ते आधी. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आमचं नातं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७च्या कचाट्यातून सोडवलं. तेव्हापासून आम्हाला ऐकवलं जातं की आता एकत्र राहताय, मृत्युपत्र करा, मुखत्यारपत्र करा, झालं. हे सगळं आम्ही केलंय. पण करार बांधतो तो करार करणाऱ्यांना. आयकर खात्याने, पेन्शनच्या कार्यालयाने, अतिदक्षता विभागाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाने तो मानलाच पाहिजे असं नाही. मुखत्यारपत्र तर माणूस गेला की त्याच क्षणी संपतं. मृत्युपत्र टिकतं, पण रक्ताच्या नातेवाइकांनी त्याला आव्हान दिलं की कोर्टाच्या पायऱ्या एकटीने चढायच्या. आणि मृत्युपत्र नसेल, तर वारसांच्या यादीत कधी न भेटलेला चुलतभाऊ येऊ शकतो, मी नाही.

२०२४च्या ऑगस्टमध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की आमच्यासारख्यांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कसलीच आडकाठी नाही. चांगलं झालं. पण नॉमिनीच्या हातात पैसे पडतात, मालकी वारसांचीच राहते. मी माझ्या जोडीदाराला वर्षात पन्नास हजारांहून जास्त रक्कम भेट दिली, तर ती तिचं करपात्र उत्पन्न धरली जाते. नवरा-बायकोत तोच व्यवहार करमुक्त असतो.

मला सगळ्यात जास्त लागतं ते अवयवदानाचं. १९९४च्या कायद्यात 'जवळचे नातेवाईक' मोजून सांगितलेत: पती-पत्नी, मुलं, आईवडील, भावंडं आणि नंतरच्या दुरुस्तीने आजी-आजोबा, नातवंडं. माझी किडनी तिला जुळत असली, तरी ती मी जिव्हाळ्यापोटी देतेय, पैशांसाठी नाही, हे मला समितीपुढे पटवून द्यावं लागेल. अवयवांचा बाजार रोखायला हा नियम हवाच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तिच्या दुखण्यात रात्र-रात्र जागणारी मी त्या कायद्याच्या लेखी परकी आहे, हे गिळवत नाही.

नोंदणीने नेमकं हेच बदलतं. दोघी एकमेकींच्या कोण, हे एकदा सरकारदरबारी लिहिलं गेलं की प्रत्येक खिडकीवर नव्याने सिद्ध करत बसावं लागत नाही. डेन्मार्कने हे जगात सर्वांत आधी केलं, १९८९मध्ये. १ ऑक्टोबरला कोपनहेगनमध्ये नोंदणी झालेल्या पहिल्या जोडप्यांत ॲक्सेल आणि आयगिल होते. चाळीसेक वर्षं बरोबर काढलेली माणसं. कायदा त्यांना एक मानत नव्हता तेव्हाच दोघांनी आपापली नावं जोडून 'ॲक्सगिल' हे आडनाव घेतलं होतं. त्यांचं लिहिलं गेलेलं नातं मला अपुरं म्हणवत नाही.

मग तेवढ्यावर का थांबायचं नाही? कारण वेगळा कायदा केला की त्यातून काय वगळायचं याची बोलणी सुरू होतात. त्याच डॅनिश कायद्यातून दत्तकाचा हक्क सुरुवातीला वगळला होता. इटलीने २०१६मध्ये, तेही युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ठपका ठेवल्यावर, समलिंगी जोडप्यांना नागरी मान्यता दिली. त्यात जोडीदाराच्या मुलाला दत्तक घेण्याची तरतूद गळली, आणि लग्नाच्या कायद्यात असलेलं एकनिष्ठेचं कर्तव्यही मुद्दाम काढून टाकलं. म्हणजे यांच्याकडून निष्ठेची अपेक्षा कायद्याने करायची नाही! हक्क कापला तर भांडता येतं. कर्तव्यच काढून घेतलं, की तुमच्या नात्याला काय समजतात ते कळतं.

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने २००७पासून लग्नाचे सगळे हक्क देणारी वेगळी नोंदणी दिली. पुढच्याच वर्षी राज्याने नेमलेल्या आयोगाने सांगितलं की ती पुरी पडत नाही, लोकांना रुग्णालयांत आणि नोकरीच्या ठिकाणी आपलं नातं समजावून सांगावं लागतंय. आणि २०१३मध्ये तिथलं केंद्र सरकार समलिंगी लग्नं मानू लागलं, तेव्हा या वेगळ्या नोंदणीवाली जोडपी बाहेरच राहिली. अखेर कोर्टाने त्याच वर्षी राज्याला लग्नाची दारं उघडायला लावली.

आपल्याकडचंही सांगायला हवं, कारण अनेकांचा समज असा दिसतो की आम्हाला भागीदारी देऊ केली होती आणि आम्ही ती नाकारली. तसं काही झालेलं नाही. समलिंगी विवाहाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ला दिलेल्या निकालात विवाह हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायाधीशांचं एकमत होतं. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल यांनी निदान अशा सहजीवनाला शासनाने मान्यता द्यावी असं म्हटलं. उरलेल्या तिघांनी तेही मान्य केलं नाही, कायदा करणं हे विधिमंडळाचं काम ठरवलं. पुनर्विचार याचिका २०२५च्या जानेवारीत फेटाळल्या गेल्या. तुम्ही ज्याला मधला मार्ग म्हणता, तोही आज आमच्यापुढे नाही.

मला स्वतःला दक्षिण आफ्रिकेचा २००६चा कायदा आवडतो. त्याखाली येणारं जोडपं समलिंगी असो वा स्त्री-पुरुष, नोंद करताना तेच ठरवतं की या नात्याला लग्न म्हणायचं की नागरी भागीदारी. कायदा एकच, परिणामही तेच. असं काही इथे आलं तर ती म्हणते, भागीदारी घेऊ, लग्नसंस्थेने बायकांचं आजवर काय भलं केलंय? मला लग्नच हवंय, माझ्या बहिणीचं झालं तसं, त्याच रजिस्टरमध्ये. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.