पोस्टकार्डाखालची खेळी

सांगलीच्या पोराला बुद्धिबळ शिकायला लांब जावे लागत नसे. बुद्धिबळाचे प्रशिक्षक भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांनी गावाला ते वेडच लावले होते. सांगलीच्या बुद्धिबळपटू भाग्यश्री साठे यांना १९८७ साली पद्मश्री मिळाली, त्या वर्षी मी नववीत होतो. मधल्या सुट्टीत डबे एका हाताने आणि डाव दुसऱ्या हाताने चालायचे. मात्र छापलेला डाव वाचायची सवय लावली ती आमच्या गणिताच्या सरांनी.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की प्रयोगशाळेच्या टेबलावर पट मांडायचा. सरांजवळच्या जुन्या इंग्रजी पुस्तकात खेळ्या जुन्या पद्धतीने लिहिलेल्या असत. राजापुढचे चौथे घर पांढऱ्याच्या बाजूने चौथे, काळ्याच्या बाजूने तेच पाचवे! निम्मा वेळ घरे शोधण्यात जाई. त्याचाही फायदाच झाला म्हणा, पट दोन्ही बाजूंनी दिसायला लागला.

सर पानावर पोस्टकार्ड ठेवत आणि एकेक ओळ खाली सरकवत. पुढची खेळी आधी आपण वहीत लिहायची, शेजारी कारण. ‘बरी वाटली’ हे कारण चालत नसे.

एक डाव तर आम्ही अख्खा पावसाळा चघळला: क्यूबाचा जगज्जेता कापाब्लांका (पांढरी मोहरी) विरुद्ध टार्टाकोवर (काळी), न्यूयॉर्क १९२४. हत्तींचा शेवट, म्हणजे पटावर राजे, हत्ती आणि प्यादीच उरलेली. घरे आजच्या पद्धतीने सांगतो: उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या रांगा पांढऱ्याकडून १ ते ८. पांढऱ्याचा हत्ती सातव्या रांगेत एच-७ वर घुसलेला, जी-५ वर पुढे गेलेले प्यादे; पण काळ्याचा हत्ती सी-३ च्या प्याद्यावर टपलेला. पस्तिसावी खेळी कोणती? सगळ्या वह्यांत एकच उत्तर, प्यादे वाचवा. सरांनी कार्ड सरकवले. राजा जी-३! काळा शह देऊन प्यादे खातो, राजा एच-४ वर. जी प्यादे सहाव्या घरात सरकते, काळा पुन्हा शह देऊन एफ-४ चेही प्यादे उचलतो, राजा जी-५ वर, आणि तिथून एफ-६. समोर एफ-५ चे काळे प्यादे फुकट मिळत होते, त्याला हातही लावला नाही. का? त्यावर सरांनी आम्हाला आठवडाभर लोंबकळत ठेवले. ते प्यादेच राजाच्या पाठीमागे आडोसा होऊन उभे होते. एफ पट्टीतून शह द्यायला जागाच नाही. शिवाय काळा राजा एफ-८ वर, म्हणजे पुढच्याच खेळीला हत्ती एच-८ आणि मात, ही धमकी!

मग सर पट फिरवत. “आता तुम्ही टार्टाकोवर. वाचवा.” खरा अभ्यास इथे होता असे माझे मत. जिंकणाऱ्याच्या खेळ्या पाहून माना डोलवायला काय लागते?

पुढे मिरजेच्या एका स्पर्धेत हत्तींच्याच शेवटात दोन प्यादी कमी असताना मी राजा पुढे काढला आणि बरोबरी साधली. सरांनी निकाल ऐकलाही नाही. नोंदीचा कागद मागितला आणि पोस्टकार्ड काढले.

हल्ली कोणाची बाजू किती वरचढ, याचा आकडा संगणक क्षणात दाखवतो. भाचा तो आकडा बघतो आणि पुढचा डाव उघडतो. संगणक वाईट नाही, पण आधी वही, मग तो, एवढा क्रम तरी पाळावा.

शाळेच्या बुद्धिबळ वर्गासाठी मी काही जुने डाव हाताने उतरवून दिले आहेत. प्रत्येक डाव ऐन मोक्याच्या जागी थांबवला आहे. उत्तरे मागच्या पानावर शोधू नयेत, ती मी लिहिलेली नाहीत.