पुस्तक ‘साभार पोच’मध्येच का अडकतं?

स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्या लेखकाच्या वाट्याला बहुतेक वेळा एकच छापील ओळ येते. नियतकालिकात आलेल्या पुस्तकांची नुसती नोंद घेणाऱ्या ‘साभार पोच’ या सदरात पुस्तकाचं नाव, प्रकाशक, पृष्ठं, किंमत. संपलं. मग कंपूशाही, पुण्या-मुंबईची मक्तेदारी वगैरे चर्चा सुरू होते. कंपू आहेत, नाही असं नाही. पण पुष्कळ पुस्तकं त्याच्या आधीच, पाकिटातच हरलेली असतात.

सगळ्यात साधी चूक म्हणजे एकच प्रत पाठवणं. अनेक नियतकालिकं परीक्षणासाठी दोन प्रती मागतात, कारण एक कार्यालयात राहते आणि दुसरी परीक्षकाच्या घरी जाते. एकच आली की तिची पोच छापायची आणि ती कपाटात ठेवायची, एवढंच त्यांच्या हातात उरतं. 500 ची आवृत्ती काढत असाल, तर 40 प्रती बाइंडरकडून आल्या आल्या वेगळ्या बांधून ठेवा. प्रकाशन समारंभात वाटायच्या गठ्ठ्यात त्या मिसळल्या की परत हाताला लागत नाहीत. या 40 मधल्या चार कायद्याने द्यायच्या असतात : 1954 च्या कायद्यानुसार प्रकाशनापासून 30 दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईच्या टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना एकेक प्रत, तीही स्वतःच्या टपालखर्चाने. प्रकाशक म्हणून तुमचंच नाव छापलं असेल तर ही जबाबदारी तुमचीच.

टपालाचा हिशेब छपाईआधीच करावा. डेमी आकार (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच), 70 जीएसएमचा (चौरस मीटरला 70 ग्रॅम वजनाचा) कागद, 160 पानं म्हणजे सोळा-सोळा पानांचे दहा फॉर्म. अशा पुस्तकाचं वजन कव्हरसकट साधारण 190 ग्रॅम भरतं. दोन प्रती, पत्र आणि पुठ्ठा धरून पाकीट अर्ध्या किलोच्या आत बसतं. हेच पुस्तक 240 पानांचं झालं, की दोन प्रतींतच अर्धा किलो ओलांडतो आणि प्रत्येक पाकिटाला वरचा दर लागतो. पुठ्ठा मात्र टाळू नका. नुसत्या लिफाफ्यात पुस्तकाचे कोपरे दुमडतात आणि मॅट लॅमिनेशनवर पांढरी रेघ उठते.

आत पहिल्या पानावर ‘आदरणीय अमुक यांना सप्रेम भेट’ असं लिहू नये. संपादक स्वतः क्वचितच परीक्षण लिहितात, प्रत दुसऱ्याकडे द्यायची असते, आणि दुसऱ्याच्या नावाने सही केलेली प्रत देताना त्यांनाही अवघडायला होतं. कोपऱ्यात ‘अभिप्रायार्थ’ एवढं पुरे. सोबतचं पत्र अर्ध्या पानाचं असावं : पुस्तक कशाबद्दल आहे ते तीन-चार वाक्यांत, पृष्ठं, किंमत, मुखपृष्ठकाराचं नाव आणि प्रत कुठे मिळेल ते. प्रस्तावनाकाराची स्तुती पुन्हा उतरवू नका, ती मलपृष्ठावर असतेच. पाठवायची वेळही बघा. पावसाळ्यात संपादक दिवाळी अंकात बुडालेले असतात. दिवाळी उरकल्यावरचे दोन-तीन महिने बरे.

मेलवर पीडीएफ पाठवणाऱ्यांची गंमत वेगळीच. अक्षरजुळणी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये झाली असेल, तर परीक्षकाने उतारा कॉपी केल्यावर समोर रोमन अक्षरांचा चिवडा येतो. बिचारा एक तर हाताने टंकणार, नाही तर उतारा गाळणार. म्हणून दोन-तीन पानांचा निवडक मजकूर युनिकोडमध्ये वेगळा द्या, आणि मुखपृष्ठाची जेपीजी फाइल 300 डीपीआयची. फोनवर वाचणाऱ्यांसाठी ईपब, म्हणजे पडद्याच्या रुंदीप्रमाणे ओळी जुळवून घेणारी फाइल द्या. डेमी पानाची पीडीएफ फोनवर दर ओळीला सरकवत कोण वाचणार?

युनिकोडमध्ये आणखी एक खोच आहे. ‘वाऱ्याची’ हा शब्द दोन तऱ्हांनी टंकता येतो : नुक्ता असलेला ऱ वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधयंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. गुडरीड्सवर (वाचक जिथे पुस्तकांना तारे आणि अभिप्राय देतात त्या संकेतस्थळावर) शीर्षक एका तऱ्हेने आणि विक्रीच्या पानावर दुसऱ्या तऱ्हेने नोंदवलं, की वाचक शोधतो आणि पुस्तक ‘नाही’ म्हणून कुणी तरी त्याची नवी नोंद करतो. परीक्षणं दोन नोंदींत विभागतात. मग त्या आवृत्त्या एकत्र करायला तिथल्या लायब्रेरियनला, म्हणजे नोंदी दुरुस्त करणाऱ्या स्वयंसेवकाला गाठा. शीर्षक एकदाच टंकावं आणि सगळीकडे तेच चिकटवावं.

तारे गोळा करायच्या गटांबद्दल. ‘तुम्ही माझं वाचा, मी तुमचं’ हा प्रकार म्हणजे ‘अहो रूपम् अहो ध्वनिः’. ॲमेझॉनच्या नियमांत अशी अदलाबदल बसत नाही, घरच्यांचे आणि जवळच्या मित्रांचे अभिप्रायही बसत नाहीत. असे अभिप्राय काढून टाकले जातात. प्रत फुकट द्यायला हरकत नाही, पण त्याबदल्यात अभिप्रायाची अट घालता येत नाही.

आता परीक्षण लिहिणाऱ्यांकडे. ‘ओघवती भाषा’, ‘वाचनीय’, ‘प्रत्येकाच्या संग्रही असावं असं’ ही तीन विशेषणं पाककृतीच्या पुस्तकालाही लागतात आणि प्रवासवर्णनालाही. कथासंग्रह असेल तर कोणती कथा जमली आणि कोणती शेवटाला घाई करते, ते नाव घेऊन सांगा. पुस्तकातलं निदान एक सलग वाक्य उद्धृत करा, म्हणजे भाषा कशी आहे ते वाचकालाच ठरवता येतं. कथानक किती सांगायचं? पहिल्या तृतीयांशापर्यंत. लेखक ओळखीचा असेल तर तसं पहिल्याच परिच्छेदात लिहून मोकळं व्हावं. मुद्रणदोष थोडे असतील तर परीक्षणात त्यांची यादी नको. पान आणि ओळ लिहून ती लेखकाला खासगीत पाठवा. मागणीनुसार छपाई असेल तर दुरुस्त फाइल चढवून पुढच्या प्रतीपासून चुका जातात, आणि 500 चा गठ्ठा घरात पडून असेल तर निदान शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवता येते.